उघड्या मोटारीचा रास्त भाव

मी त्या मोटारीच्या विरोधात होते. हे आधीच सांगून टाकते.

अप्पा रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विषय काढला. तीस-बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवलेला माणूस. शेवटची वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत साहेबांची ने-आण केली, आणि कंपनीने निरोपाला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घड्याळ अजून पुठ्ठ्यातच होतं. अप्पा चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "मोटार घ्यावी म्हणतोय."

आई पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं नाही. "कंची मोटार?"

"शेटची. उघडी. करावेला गोदामात पडून हाय."

"अन् ठेवणार कुठं? माळ्यावर?"

प्रश्न रास्त होता. जुईनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा जिन्याखाली सायकल लावण्यावरून सोसायटीची मिटिंग दोन तास चालायची.

"अन् हिच्या लग्नाचं काय?" आईने माझ्याकडे लाटणं केलं.

"माझ्या लग्नात हुंडा नाही, मानपान नाही, शंभर वेळा सांगितलंय," मी म्हणाले.

"हुंडा नको म्हणालीस. मांडव नको असं न्हाई म्हणालीस."

मग मी बोलायला लागले. पेट्रोलचे भाव, दोन माणसांसाठी एवढं मोठं लोखंड, ज्या शेटने मजुरांना राबवून मीठ काढलं त्याची हौस आता आपण आपल्या फंडाच्या पैशांनी विकत घ्यायची, वगैरे. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि चार वाक्यांत तीन वेळा 'शोषण' म्हणू शकत होते. अप्पांनी ऐकून घेतलं. नंतर म्हणाले, "पोरी, भाषण बरं हाय. चहा गार झाला तुझा."

मी पत्रकं लिहायचे. आमची एक लहानशी समिती होती, नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या वाढीव मोबदल्यासाठी झगडणारी. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइलवर चक्र फिरवायचं, हातभर शाई, आणि मग करावेपासून तळवलीपर्यंत गावागावांत वाटप. पत्रकाला कागद एक असतो, पाठपोट. त्यात 'परंतु' बसत नाही. 'क्वचित प्रसंगी' तर अजिबात बसत नाही. ही सवय लागली की बोलण्यातही लागते. त्याची किंमत पुढे येईल.

आता मोटारीचं. ती इंग्रजी बनावटीची होती, दोन माणसांची, ठेंगणी. कापडी छत मागे घडी करून ठेवायचं आणि उघड्यावर बसून वारा खात जायचं. खाडीकाठच्या मिठागरांचा मालक असलेला शेट मुंबईहून रविवारी तीत बसून आगरं बघायला यायचा. अप्पा साताऱ्याहून नुकते आलेले, त्याच्याकडे ड्रायव्हर म्हणून लागले. पण ती गाडी शेट स्वतः चालवायचा. अप्पांचं काम ती पुसण्याचं, छत चढवण्या-उतरवण्याचं, आणि आठवड्यातून एकदा पंपावर नेऊन पेट्रोल भरून आणण्याचं. तेवढीच त्यांची. जाताना शेजारची सीट रिकामी, येताना शेजारची सीट रिकामी. सात वर्षं. "एकदाबी त्या शिटावर मी कुणाला बसवलं न्हाई," अप्पा सांगायचे. "शेटचा हुकूम व्हता." माझ्या आईशी लग्न झालं तेव्हाही नाही. आई यावर म्हणायची, "मी तरी कुठं मागितलं?" पण हे वाक्य ती जरा जास्तच पटकन म्हणायची.

मग नव्या शहरासाठी आगरं गेली. मोबदला मिळाला शेटला, कारण सातबारा शेटच्या नावावर. आगरात तीस वर्षं गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहिलेल्या मुकादमाला काही नाही, कारण त्याचं नाव कुठेच नव्हतं. मुकादम करावेचा. तो शेटकडे गेला तेव्हा शेटने त्याला मोटार दिली. "ही ठेव," म्हणाला. आणि मुकादम शहाणा होता. जमिनीत आपला कागद नव्हता म्हणून काय झालं ते त्याने पाहिलं होतं. त्याने मोटारीचा कागद मागून घेतला, स्वतःच्या नावावर करून. गाडी त्याने मिठाच्या रिकाम्या गोदामात उभी केली. तो चालवायला कधीच शिकला नाही. काही वर्षांनी तो वारला. कागद आणि गाडी बायकोकडे राहिली.

ती बायको म्हणजे काकी. तिला मी अप्पांमुळे नाही, पत्रकामुळे ओळखत होते. तिच्या अंगणात आमच्या बैठका व्हायच्या. ती बोंबील वाळत घालता घालता ऐकायची. एकदा मी 'रास्त भाव' नावाचं पत्रक वाचून दाखवलं: भाव घेणाऱ्याने ठरवायचा नसतो, सरकारने तर नाहीच, ज्याची वस्तू जाते त्याला तिची आजची आणि उद्याची खरी किंमत कळली पाहिजे, ती लपवून केलेला व्यवहार म्हणजे चोरी. काकी म्हणाली होती, "ह्यो कागद मना दे. ठेवते." मला फार बरं वाटलं होतं. पत्रकाचा कागद बहुतेक लोक मासळी बांधायला वापरायचे.

तर अप्पा आणि मी करावेला गेलो. मी कशाला गेले? अप्पांना समजावून परत आणायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

काकीने अप्पांना पाहिलं आणि हातातली टोपली खाली ठेवली. "डायवर! जिता हायस अजून?"

"हाय, वहिनी. रिटायर झालो."

"मंग आता गारी बगाला आलास."

"आता आलो."

वीस-बावीस वर्षांनी भेटत होती ती माणसं. एवढ्याच वाक्यांत त्यांचं सगळं बोलून झालं. गोदामाचं दार उघडलं तर आत कोंबड्यांचा वास. गाडीवर जुनं जाळं टाकलेलं, बॉनेटवर गोणपाट. कोंबडीने सीटवर घर केलं होतं. रंग कधीकाळी दुधावरच्या साईसारखा असावा, आता जिथे तिथे तांबूस पापुद्रे. खारा वारा लोखंडाला काय करतो ते करावेत कुणाला सांगावं लागत नाही. मी मनात म्हटलं, सुटलो. हे बघून अप्पा परत फिरतील.

अप्पा चालत दाराशी गेले, हँडल धरून दार किंचित वर उचललं आणि मग ओढलं. ते न बघता केलं त्यांनी. दार उघडलं. काकी म्हणाली, "मना ह्यो दार बावीस वरसांत उघरता आला नाय."

"उचलावं लागतं," अप्पा म्हणाले. कोंबडी उडून गेली. ते स्टिअरिंगमागे बसले, आणि मी तोंड फिरवलं. माझा बाप मला तसा कधी दिसला नव्हता आणि मला राग येत होता, नक्की कशाचा ते कळत नव्हतं.

अंगणात चहा झाला. आता भाव. इथे मला करावेची रीत कळली, निदान काकीच्या घरची. जाळं असो, होडी असो, घेणाऱ्याने भाव बोलायचा नाही आणि देणाऱ्यानेही नाही. दोघांचा भरवसा असलेला एक मधला माणूस असतो. तो बोलतो. तो बोलला की दोन्ही बाजूंनी मागे फिरायचं नाही. फिरला तर त्या माणसाला गावात कुणी परत मध्ये घेत नाही.

"मंग मधला कोन?" काकी म्हणाली, आणि उठून आतून एक पत्र्याचा डबा आणला. डब्यात गाडीचा कागद होता. त्याच्याखाली घडी घातलेलं माझं पत्रक. शाई थोडी फुटली होती. "ही पोरगी. तिच्या कागदान लिवलंय सगला. तू भाव सांग, पोरी. तू सांगशील तो."

अप्पा माझ्याकडे बघत होते. घरून निघताना त्यांनी मला त्यांचा आकडा सांगितला होता: पंचवीस हजार. फंडातून तेवढे ते काढू शकत होते. मी तेव्हाच पंचवीस हजार म्हणाले असते तर दोघं आनंदाने उठले असते. पण मी पत्रकवाली. मी म्हणाले, "आठ दिवस द्या. माहिती काढते."

माहिती काढायला मी मुंबईत गेले. जुन्या मोटारींचे व्यवहार करणारा एक दलाल कुणीतरी सांगितला होता. गळ्यात सोन्याची साखळी, टेबलावर गाड्यांच्या फोटोंचा अल्बम. मी वर्णन सांगितल्यावर त्याने अल्बममध्ये नेमकी तशीच गाडी दाखवली. लाल, चकचकीत, शेजारी काळा चष्मा घातलेला कुणी धनिक. "ही अडीच लाखाला गेली. हौशी लोक आहेत, मॅडम. चालू स्थितीत असली पाहिजे मात्र."

मी अडीच लाख ऐकलं. 'चालू स्थितीत' हेही ऐकलं, बहिरी नव्हते. पण माझ्या डोक्यात पत्रक आधीच छापून झालं होतं: मुकादमाच्या विधवेला अडीच लाखांची वस्तू पंचवीस हजारांत घालवायला लावताहेत, आणि घेणारा कोण, तर माझाच बाप! अट मी गाळली. एका पानात बसवायचं तर काहीतरी गाळावंच लागतं.

आठ दिवसांनी पुन्हा करावेला जाताना अप्पांना मी वाटेत काही सांगितलं नाही. म्हणजे त्यांचा दबाव माझ्यावर नको. केवढी तत्त्वनिष्ठ! काकीच्या अंगणात शेजारच्या तिघीचौघी बसल्या होत्या, त्यांच्यासमोर मी सांगितलं, "काकी, या गाडीचा भाव अडीच लाख आहे. त्याच्या खाली देऊ नका. कुणालाही."

'कुणालाही' म्हणताना मी अप्पांकडे बघितलं नाही.

काकीचा हात गालावर गेला. शेजारणी ओरडल्या, "अगो बाय!" अप्पांनी हातातला कप शांतपणे बशीत ठेवला. "बरोबर हाय तुझं," ते मला म्हणाले. आणि काकीला, "वहिनी, माझ्याच्यानं तेवढं व्हायचं न्हाई. येतो."

करावेहून जुईनगर जवळ नाही. आम्ही चालत आलो. नेरूळच्या अलीकडे, नव्या इमारतींच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यांपाशी ते थांबले आणि चपलेतला खडा काढला.

"मला घरी सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तर मी आलोच नसतो. चार बायांदेखत मला घेणारा करून नेलंस."

बस. एवढंच. घरी आल्यावर त्यांनी कंपनीचं घड्याळ पुठ्ठ्यातून काढून भिंतीला लावलं.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण ते सांगताना अजूनही दमायला होतं. काकीच्या घराची मागची खोली मोडकळीला आली होती. अडीच लाख येणार म्हटल्यावर तिने गवंडी बोलावला. स्लॅब टाकायचा. गवंड्याने कौलं उतरवली, वासे उतरवले, मागची भिंत निम्मी पाडली, आणि मग मागितली उचल. काकी म्हणाली, गारी विकली की देते. गवंडी दुसऱ्या कामावर गेला.

मी दलालाला घेऊन आले. तो पांढरी पँट घालून आला होता आणि गोदामात पाय टाकायला नाखूश होता. खिशातून त्याने एक लहान लोहचुंबक काढलं आणि दारावर लावलं. ते चिकटलं नाही, घसरून खाली पडलं. पत्रा नव्हताच तिथे, गंज आणि रंग होता. मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली वाकला आणि गाडीच्या तळात खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"मॅडम, ही चालू स्थितीत आहे?" त्याने मला विचारलं. "ही तर स्थितीतच नाही. भंगारात पंधरा हजार देतो. इंजिन आणि डायल चांगली आहेत म्हणून."

"तुम्ही अडीच लाख म्हणालात!"

"मी काय म्हणालो ते आठवा ना जरा."

मी त्याच्याशी भांडले. लुटारू म्हणाले, दलाल म्हणाले. तो दलालच होता, त्याला वाईट वाटलं नाही. काकी मधेच म्हणाली, "ओ शेट, पंधरा नाय. मधल्या मानसाचा शबुद अडीच लाख हाय."

"मग मधल्या माणसालाच विका, आजी," तो म्हणाला आणि पँट झटकत गेला.

त्या पंधरा हजारांना काकी विकणार नव्हती, ते योग्यच. पण मला वाटलं, आता तरी अप्पांचे पंचवीस हजार घेईल. मी तसं सुचवलं. आम्ही मागच्या खोलीत उभ्या होतो. वर आभाळ होतं. काकीने वाशांच्या जागी बांबू टाकून त्यावर प्लास्टिक बांधलं होतं. ते अप्पांनी बांधून दिलं होतं, हे मला नंतर कळलं. दलाल येऊन गेल्यावर मी तीन आठवडे त्या बाजूला फिरकले नव्हते. दुसऱ्या गावांत वाटप आहे, असं समितीला सांगत होते.

"कशी देव?" काकी म्हणाली. रागाने नाही. "तू बोललीस. चार बाया होत्या. मी कमी घेतला तर तुझा शबुद खोटा पारला असा होल. मी नाय फिरनार."

"पण काकी, तुमचं घर…"

"घराचा मी बगन. तू कागद लिव."

तेव्हा मला कळलं, ही बाई माझी अब्रू राखत बसली आहे. छत काढून टाकलेल्या खोलीत. आणि अप्पाही तेच करत होते. त्यांनी एकदाही तिला विचारलं नव्हतं, आणि मला तर नाहीच. दोघं माझ्या एका वाक्याच्या दोन बाजूंना गप्प बसले होते. ते वाक्य मागे घेऊ शकणारं माणूस एकच.

मी कधी काही मागे घेतलं नव्हतं. पत्रकात शुद्धिपत्र नसतं. चुकीचा आकडा गेला तर पुढच्या पत्रकात त्याहून मोठा आकडा टाकायचा, ही आमची पद्धत. समितीत एकाला मी विचारलं तर तो म्हणाला, "आता माघार घेतलीस तर उद्या लोक म्हणतील यांचे सगळे आकडे असेच." तो खरं बोलत होता. मी आणखी आठवडा काढला. मे संपत आला होता.

शेवटी एका रविवारी गेले. अप्पा तिथेच होते, गोदामात, बनियनवर, बॉनेट उघडून; भावाचा विषय न काढता ते रविवारी गाडी साफ करून द्यायला येत होते. मी काकीला म्हणाले, त्या दिवशीच्या बायांना बोलवा. त्या आल्या. एक तर मासळी निवडता निवडता उठून, विळी हातात घेऊनच आली. मी उभी राहिले. सभेत उभी राहते तशी नाही. पाय कुठे ठेवावे कळत नव्हतं.

"मी सांगितलेला भाव चुकीचा होता," मी म्हणाले. "चालणाऱ्या गाडीचा तो भाव. ही चालत नाही. मला ते माहीत होतं आणि मी बोलले नाही. माझा शब्द मी परत घेते."

मग विळीवाली म्हणाली, "मंग आमचे जमिनीचा भाव सांगलास, त्यो?"

हाच प्रश्न येणार हे मला रात्रभर माहीत होतं. "तो बरोबर आहे," मी म्हणाले. "पण तुम्ही पुन्हा तपासून घ्या."

"घेऊ," ती म्हणाली, आणि विळी घेऊन गेली. त्यानंतर करावेच्या बैठकांत ती प्रत्येक आकड्याला हात वर करते. चार वर्षं झाली. मला ते सोसतं, पण दमवतं.

"आता मधला मानूस दुसरा पायजे," काकी म्हणाली. मला वाटलं होतं, ती म्हणेल राहू दे, तूच सांग. तसं ती म्हणाली नाही. "डायवर, तुझी बायको कशी हाय?"

"कशी म्हंजे?"

"भाव करते का?"

अप्पा पहिल्यांदा हसले. "वाशी मार्केटात कांदेवाला तिला बघून बोर्ड फिरवतो."

पुढच्या रविवारी आई आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, नाकाला पदर लावून ती गोदामात शिरली. गाडीभोवती एक फेरी मारली. तळाच्या भोकातून खालची जमीन बघितली. मागच्या खोलीवरचं प्लास्टिक बघितलं. मग अप्पांकडे बघितलं, बराच वेळ, जशी ती वांगी बघते. मग काकीला घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं.

मी अंगणात थांबले. दहा मिनिटांनी दोघी बाहेर आल्या तेव्हा काकीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आईच्या हातात वाळलेल्या बोंबलांची पिशवी.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"ठरलं," आई म्हणाली.

"किती?"

"तुला सांगितला तर छापशील."

आजपर्यंत मला तो आकडा माहीत नाही. एवढं दिसतं: गाडी काकीच्याच गोदामात राहिली, अप्पा जागेचं भाडं देतात. मागच्या खोलीवर स्लॅब नाही पडला, पण कौलं परत चढली. अप्पा आणि शेजारचे बाप्ये मिळून, पाऊस लागायच्या दोन दिवस आधी. माझ्या लग्नाचा विषय आईने काही महिने काढला नाही, यावरून मी काही अंदाज बांधते. भाव रास्त होता का? मी पुष्कळदा मांडून बघितलं. पंचवीस हजारांच्या खाली असेल तर काकीवर अन्याय, वर असेल तर अप्पांवर. मग आठवतं की मला कुणी विचारलेलं नाही.

एक अट मात्र मला सांगितली, कारण ती मला राबवायची होती. गाडी चालू झाली की पहिली फेरी काकीची. तिला आगरापर्यंत न्यायचं. नवऱ्याने तिथे तीस वर्षं घालवली, त्याची मजुरी म्हणून ही गाडी आली, आणि ती तीत एकदाही बसली नव्हती, उभी असतानासुद्धा.

इंजिन सुरू व्हायला दिवाळीपर्यंतचा काळ गेला. तुर्भ्याच्या एका गॅरेजवाल्याने अप्पांना भाग मिळवून दिले. तळाला लोखंडी पट्ट्या मारल्या. छत गेलं ते गेलंच, त्याचा सांगाडाही टाकून दिला. पहिल्या फेरीच्या दिवशी सकाळी काकी हिरवं लुगडं नेसून आली आणि अप्पांनी तिच्यासाठी दार किंचित उचलून उघडलं. ती बसली. गुडघे पोटाशी आले तिचे. केवढी ठेंगणी गाडी ती. आई भिंतीशी उभी होती.

"वहिनी, भ्या वाटतं का?"

"तू चालव रं. होडीन बसलेली बाय मी."

गाडी सुरू झाली, खोकली, गोदामाबाहेर आली, गल्लीतून वळली, आणि नाक्यावर बंद पडली. अप्पांनी चार वेळा चावी फिरवली. मग मान न वळवता म्हणाले, "धक्का मार."

मला म्हणत होते. मी पदर खोचला आणि मागून हात लावले. पत्रा ऊन लागून तापला होता. नाक्यावर मासळी विकणाऱ्या बायका बसल्या होत्या, त्यांच्यात ती विळीवाली. "ओ ताई," ती ओरडली, "आज मोर्चा एकलीचाच?" सगळ्या हसल्या. मी शेटच्या मोटारीला धक्का मारत करावेच्या नाक्यावरून चालले होते, आणि माझ्या पाठीमागे आई चालत होती, धक्का न मारता, हातात चपला घेऊन.

"अगं, हात लाव की," मी म्हणाले.

"मी मधली हाय," आई म्हणाली. "मला कुणाच्या बाजूनं हात लावता येत न्हाई."

अप्पांच्या शेजारच्या सीटवरून काकी काहीतरी दाखवत होती. जिथे आगरं होती तिथे आता मुरुमाचा भराव, सेक्टरचे दगड, अर्धवट उभे खांब. "त्यो बग, तथवर आमचा आगर. न् तथं शेट बसाचा." अप्पा मान हलवत होते. मला धापेमुळे सगळं ऐकू आलं नाही. इंजिनने मधेच एक दणका दिला, गाडी माझ्या हातातून सुटून पुढे गेली, वीस-पंचवीस पावलं, आणि भरावाच्या कडेला परत थांबली.

अप्पांनी हात वर करून मला बोलावलं. मी पदराने कपाळ पुसलं. मग गेले. परतीचा रस्ता चढाचा होता.